आवाज आणि चेहऱ्यावरून भावना ओळखणारं मॉडेल: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला ‘भावना ओळखणारी प्रणाली’ हा प्रकल्प दरवर्षी कुणी ना कुणी घेतं. अहवालात नव्वदीच्या पुढची अचूकता लिहिलेली असते. तोंडी परीक्षेला परीक्षक स्वतः माईकसमोर चार वाक्यं बोलतात आणि मॉडेल चारही वाक्यांना ‘राग’ म्हणतं. विद्यार्थी न्यूरल नेटवर्कमध्ये दोष शोधू लागतात, पण बहुतेक वेळा दोष त्याच्या कितीतरी आधीचा असतो: लेबलं (कोणत्या क्लिपला कोणती भावना, ही नोंद) कुणी लावली, आवाज कुठे रेकॉर्ड केले, ट्रेनिंग (मॉडेल ज्यांवर शिकतं त्या क्लिपा) आणि टेस्ट (ज्यांवर ते तपासतात त्या क्लिपा) कसे वेगळे केले. म्हणून या लेखात मॉडेलला जागा कमी आहे आणि तयारीला जास्त. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. विशेषतः चौथी आणि पाचवी पायरी पुढे ढकलू नका.

## १. प्रश्न लहान आणि नेमका करा

‘माणसाच्या भावना ओळखणे’ हा प्रश्न संगणकाला देता येत नाही. देता येतो तो असा: दोन ते सहा सेकंदांची मराठी बोलण्याची क्लिप ऐकून ऐकणाऱ्या माणसांना तो आवाज रागीट, आनंदी, दुःखी की साधा वाटेल? मॉडेल बोलणाऱ्याच्या मनात शिरत नाही. ऐकणाऱ्यांनी लावलेलं लेबल ते शिकतं. हे वाक्य अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा, म्हणजे पुढचे दावे आपोआप आवरते राहतात.

सुरुवातीला चार वर्ग पुरे: राग, आनंद, दुःख, तटस्थ. भीती, किळस, आश्चर्य यांचे नैसर्गिक नमुने मिळणं अवघड असतं, आणि अभिनय करून घेतले तर ते फार नाटकी येतात.

आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्या. आवाजातून उत्तेजना चांगली कळते, पण ती सुखद आहे की दुखद हे तितकं कळत नाही. राग आणि आनंद दोन्हींत स्वर चढतो, आवाज मोठा होतो, बोलण्याचा वेग वाढतो. त्यामुळे मॉडेल या दोघांची गल्लत करणार. दुःख आणि तटस्थ यांचंही तसंच. अशा ठिकाणी चेहरा उपयोगी पडतो, कारण हसू आणि आठ्या सुखद-दुखद हा फरक बऱ्यापैकी दाखवतात.

तपासणी: वापर कुठे होणार ते ठरवलं का? फोनवरच्या संभाषणासाठी मॉडेल हवं असेल, तर जुन्या पद्धतीच्या फोन लाइनवर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा येतो. स्टुडिओतल्या स्वच्छ आवाजावर शिकवलेलं मॉडेल तिथे गडबडतं.

## २. तयार डेटासेट घेताना आत काय आहे ते उघडून पाहा

रॅवडेस हा खूप वापरला जाणारा संच. त्याच्या बोलण्याच्या भागात २४ कलाकार, ८ भावना आणि १,४४० ऑडिओ फाईली आहेत. पण वाक्यं फक्त दोन, तीही इंग्रजी. ‘तटस्थ’ सोडून प्रत्येक भावना दोन तीव्रतांमध्ये रेकॉर्ड केली आहे. त्यामुळे इतर सात भावनांच्या प्रत्येकी १९२ फाईली आहेत आणि तटस्थच्या फक्त ९६. हे न बघता ट्रेनिंग सुरू केलं की मॉडेल तटस्थ आवाजाला ‘शांत’ म्हणत राहतं आणि कारण सापडत नाही.

क्रेमा-डीमध्ये ९१ कलाकार, १२ वाक्यं आणि ७,४४२ क्लिप आहेत. बोलणाऱ्यांची विविधता हवी असेल तर रॅवडेसपेक्षा हा बरा. बर्लिनचा एमो-डीबी जर्मन आहे, दहाच कलाकारांचा. आयमोकॅपमध्ये दहा कलाकारांची पाच सत्रांतली सुमारे १२ तासांची संभाषणं आहेत. त्यातला बराच भाग उत्स्फूर्त असल्यामुळे तो अवघड आहे, आणि म्हणूनच प्रामाणिक.

सावधान: या चारही संचांतली माणसं कलाकार आहेत. अभिनयातला राग ठळक असतो. घरात किंवा कचेरीत माणूस रागावला की पुष्कळदा आवाज उलट खाली जातो आणि शब्द तुटक होतात. तयार संचावर कामाची पद्धत शिका. मराठीसाठी स्वतःचा लहान संच करावाच लागेल.

## ३. मराठी आवाज रेकॉर्ड करणं

वाक्यं. अर्थाने कोरी वाक्यं निवडा: ‘बाबा आत्ताच बाहेर गेले’, ‘चावी टेबलावर ठेवली आहे’, ‘उद्या सकाळी गाडी येईल’. प्रत्येक वाक्य प्रत्येक भावनेत म्हणून घ्या. ‘चालता हो इथून’ हे वाक्य फक्त रागात घेतलंत, तर मॉडेल स्वर सोडून शब्द शिकेल.

माणसं. क्लिपांच्या संख्येपेक्षा माणसांची संख्या महत्त्वाची. दहा जणांच्या प्रत्येकी शंभर क्लिपांपेक्षा चाळीस जणांच्या प्रत्येकी पंचवीस क्लिपा जास्त कामाच्या. सगळे मित्र एकाच वसतिगृहातले आणि एकाच वयाचे नकोत. कोल्हापूरकडची, वऱ्हाडातली, खानदेशातली, मालवणकडची माणसं घ्या. कोल्हापूरचा माणूस साधं बोलत असताना पुण्यातल्या ऐकणाऱ्याला तो आवाज चढलेला वाटू शकतो. हा फरक डेटात नसेल, तर मॉडेल एका अख्ख्या भागातल्या लोकांना रागीट ठरवेल. म्हणून प्रत्येकाकडून साध्या बोलण्याचे दोन मिनिटांचे नमुने आधी घ्या. त्यांचा उपयोग सहाव्या पायरीत होईल.

क्रम. सोमवारी सगळ्यांचा राग आणि मंगळवारी सगळ्यांचं दुःख, असं कधीही करू नका. सोमवारी पंखा चालू असेल आणि मंगळवारी बंद, तर मॉडेल पंखा ओळखायला शिकेल आणि तुम्हाला अचूकता छान दिसेल. भावनांचा क्रम प्रत्येक माणसासाठी चिठ्ठ्या टाकून ठरवा.

माईक. तोंडापासूनचं अंतर एकच ठेवा. फोनवर रेकॉर्ड करत असाल तर आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करा, नाहीतर ओरडणं आणि पुटपुटणं एकाच पातळीवर येतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवलेल्या व्हॉइस नोट दाबलेल्या स्वरूपात येतात. त्या घ्यायच्या तर सगळ्या भावनांसाठी घ्या. राग व्हॉइस नोटमधून आणि तटस्थ चांगल्या माईकवरून, अशी सरमिसळ झाली की संच वाया गेला असं समजा.

संमती. कशासाठी आवाज घेतो, कुठे ठेवणार, कधी पुसणार हे मराठीत लिहून सही घ्या. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या डेटासाठी पालकांची संमती लागते. शाळेत जाऊन मुलांचे आवाज गोळा करण्याचा सोपा वाटणारा बेत म्हणूनच सोडून द्या. फाईलच्या नावात माणसाचं नाव घालू नका. बोलणाऱ्याचा क्रमांक, वाक्य, मागितलेली भावना, आवृत्ती एवढंच ठेवा.

## ४. लेबलं: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

‘आम्ही कलाकाराला राग करायला सांगितला, म्हणून लेबल राग.’ नव्वद टक्के गोंधळ या वाक्यातून सुरू होतो, असं मला वाटतं. मागितलेली भावना आणि ऐकू आलेली भावना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही वेगळ्या रकान्यांत नोंदवा आणि मॉडेलला दुसरी शिकवा.

१. प्रत्येक क्लिप किमान तीन जणांनी ऐकावी, जमल्यास पाच. त्यांत ज्यांचे आवाज आहेत ते नसावेत.
२. प्रत्येकाने एकट्याने, हेडफोन लावून ऐकावं. शेजारी बसून ‘हा राग वाटतो ना रे?’ असं विचारलं की स्वतंत्र मत उरत नाही.
३. क्लिपांचा क्रम प्रत्येक ऐकणाऱ्यासाठी वेगळा असावा. एकामागोमाग दहा रागीट क्लिपा ऐकल्या की अकरावी साधी क्लिप दुःखी वाटू लागते.
४. चार भावनांबरोबर ‘सांगता येत नाही’ हा पर्याय द्या. तो नसेल तर लोक ‘तटस्थ’वर टिचकी मारून मोकळे होतात.
५. तासाभराच्या वर सलग बसवू नका. कान थकतात.
६. काही क्लिपा न सांगता दुसऱ्यांदा ऐकवा. स्वतःच्याच आधीच्या उत्तराशी जुळत नसेल, तर त्या ऐकणाऱ्याची लेबलं जपून वापरा.

आता एकमत मोजा. नुसती टक्केवारी फसवी असते, कारण अंदाजाने ठोकूनही काही उत्तरं जुळतात. समजा दोघांनी १०० क्लिपा ऐकल्या, ७० मध्ये मत जुळलं आणि दोघांनीही चारही भावना सारख्या प्रमाणात वापरल्या. निव्वळ योगायोगाने २५ जुळल्याच असत्या. कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोग वजा करून मोजलेलं एकमत, निघतो (०.७० − ०.२५) ÷ (१ − ०.२५), म्हणजे ०.६०. भावनांच्या कामात हे चांगलंच म्हणायचं. आकडा ०.२ किंवा ०.३ आला तर मॉडेलकडे जाऊच नका. सूचना स्पष्ट करा, उदाहरणं ऐकवा आणि पुन्हा लेबलं घ्या. ऐकणारे दोनापेक्षा जास्त असतील तर फ्लाइसचा कप्पा वापरा.

मतं फुटली तर काय करायचं? पाचपैकी तिघांनी राग आणि दोघांनी तटस्थ म्हटलं, तर ‘राग’ असं ठोकून न देता ०.६ आणि ०.४ असं लेबल ठेवता येतं. फेर-२०१३ या चेहऱ्यांच्या संचाची लेबलं पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी प्रत्येक चित्रासाठी दहा माणसांची मतं घेऊन पुन्हा केली, आणि ती मतांच्या विभागणीसह वापरता येतात. नमुना म्हणून ती फाईल जरूर उघडून पाहा.

सावधान: मतभेद असलेल्या सगळ्या क्लिपा टेस्टमधून काढून टाकू नका. परीक्षा सोपी होते, गुण वाढतात आणि प्रत्यक्षात भेटणारा आवाज बहुतेक वेळा संदिग्धच असतो. काढायच्याच असतील तर दोन्ही निकाल द्या, काढून आणि न काढता.

## ५. विभागणी माणसांप्रमाणे, तीही फीचर (आवाजाची आकड्यांतली मापं) काढण्याआधी

अहवालातली नव्वदीपार अचूकता बहुतेक वेळा याच ठिकाणी जन्माला येते. सगळ्या क्लिपा एकत्र करून वीस टक्के यादृच्छिक काढल्या, की एकाच माणसाच्या क्लिपा ट्रेनिंगमध्येही जातात आणि टेस्टमध्येही. मॉडेल माणसाचा आवाज ओळखतं आणि त्यावरून भावना सांगतं. पेपर आधीच फुटलेल्या परीक्षेतले गुण म्हणजे हे गुण.

योग्य पद्धत: आधी माणसांची यादी करा, यादीचे तीन भाग करा, मग क्लिपा त्या त्या भागात टाका. रॅवडेसमध्ये फाईलच्या नावातला शेवटचा आकडा हा कलाकाराचा क्रमांक आहे. विषम क्रमांक पुरुष, सम क्रमांक स्त्रिया. १६ कलाकार ट्रेनिंगला, ४ व्हॅलिडेशनला (मॉडेल ठरवताना मधली चाचणी घ्यायला) आणि ४ टेस्टला ठेवा, प्रत्येक भागात निम्म्या स्त्रिया. आयमोकॅपमध्ये प्रत्येक सत्रात दोन वेगळे कलाकार आहेत, म्हणून तिथे एक सत्र बाहेर ठेवून पाच वेळा चाचणी करतात. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीतलं ‘ग्रुप के-फोल्ड’ हेच काम करतं. गट म्हणून माणसाचा क्रमांक द्यायचा.

आवाजात गोंगाट मिसळून किंवा स्वर थोडा हलवून क्लिपा वाढवायच्या असतील, तर त्या विभागणीनंतर आणि फक्त ट्रेनिंगमध्ये. आधी वाढवल्या तर मूळ क्लिप एका बाजूला आणि तिची सावली दुसऱ्या बाजूला जाते. चेहऱ्याच्या व्हिडिओत हा धोका आणखी मोठा, कारण लागोपाठच्या फ्रेम जवळजवळ सारख्याच असतात.

तपासणी: ट्रेनिंगमधल्या आणि टेस्टमधल्या माणसांच्या क्रमांकांचे दोन संच करून त्यांचा छेद घ्या. तो रिकामाच आला पाहिजे. ही ओळ प्रोग्रॅममध्ये कायमची ठेवा आणि छेद रिकामा नसेल तर प्रोग्रॅम तिथेच थांबू द्या.

विभागणी दुरुस्त केली की अचूकता घसरते. घाबरू नका, तोच खरा आकडा आहे. मार्गदर्शक किंवा परीक्षक नाराज होतील अशी भीती असेल तर दोन्ही आकडे शेजारी छापा आणि फरक का पडला ते लिहा. माझ्या मते चांगल्या प्रकल्पाचं ते सर्वांत वाचनीय पान असतं.

## ६. स्वच्छता आणि फीचर

लिब्रोसा या आवाजाच्या पायथन लायब्ररीने फाईल उघडताना काही सांगितलं नाही, तर ती आवाज २२,०५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तेवढ्या नमुन्यांवर, आणते. वेव्ह-टू-वेक २.० या आधीच भरपूर आवाजावर शिकवलेल्या मॉडेलला १६,००० हर्ट्झचा एकपदरी (मोनो) आवाज लागतो. ही तफावत राहिली तर त्रुटीचा संदेश येत नाही, फक्त निकाल खराब येतात. म्हणून फाईल उघडतानाच १६,००० लिहून द्या.

क्लिपच्या सुरुवातीची आणि शेवटची शांतता कापा, मधली कापू नका. अडखळणं, हुंदका, वाक्यामधला थांबा यांतच दुःख ऐकू येतं.

आवाजाची पातळी सारखी करावी का? माईकचं अंतर सर्वत्र सारखं असेल तर करू नका, कारण मोठा आवाज ही रागाची खरी खूण आहे. अंतर वेगवेगळं असेल तर करा, नाहीतर माईकजवळ बसलेला माणूस रागीट ठरेल.

फीचरमध्ये बहुतेक जण एमएफसीसीचे (आवाजाच्या पोताचं वर्णन करणाऱ्या मापांचे) १३ आकडे काढून त्यांची सरासरी घेतात आणि थांबतात. सरासरीत स्वराचा चढउतार पुसला जातो. निदान विचलन जोडा आणि स्वराची उंची, ऊर्जा, बोलण्याचा वेग यांचीही मापं घ्या. हे सगळं हाताने करण्यापेक्षा ओपनस्माईल हे साधन वापरून ईजीमॅप्स या ठरावीक संचातली ८८ फीचर काढणं सोपं आणि भरवशाचं. स्वराची उंची माणसागणिक बदलते, म्हणून तिसऱ्या पायरीत घेतलेल्या साध्या बोलण्याशी तुलना करून ती मोजा. अर्थात प्रत्यक्ष वापरातही नव्या माणसाचा असा नमुना मिळणार असेल तरच.

सावधान: फीचरची पट्टी जुळवणारा स्केलर फक्त ट्रेनिंगवर बसवा. पूर्ण डेटावर बसवला तर टेस्टची माहिती गुपचूप आत येते.

## ७. मॉडेल, लहानापासून मोठ्याकडे

आधी काहीच न शिकलेलं मॉडेल: नेहमी सर्वांत मोठा वर्ग सांगणारं. मग ईजीमॅप्सवर एसव्हीएम (वर्ग वेगळे करणारं एक जुनं, साधं मॉडेल). मग वेव्ह-टू-वेक २.० गोठवून (त्यात काही न बदलता), त्यातून निघणाऱ्या आकड्यांची सरासरी घेऊन त्यावर साधा लॉजिस्टिक वर्गीकारक. नुसता शेवटचा थर घेण्यापेक्षा सगळ्या थरांची भारित सरासरी अनेकदा जास्त उपयोगी ठरते. मराठीसाठी एआय-फॉर-भारत या संशोधन गटाचं इंडिक-वेव्ह-टू-वेक पाहा. ते मराठीसह अनेक भारतीय भाषांच्या आवाजावर शिकवलेलं आहे.

पूर्ण मॉडेल नव्याने जुळवणं शेवटी. काहीशे क्लिपांवर ते केलं की मॉडेल पाठांतर करतं. प्रत्येक पायरीवर व्हॅलिडेशनचा आकडा वाढला का ते पाहा. वाढला नसेल तर पुढे जाण्याचं कारण नाही.

## ८. चेहरा

फेर-२०१३ मध्ये ४८ × ४८ बिंदूंची ३५,८८७ कृष्णधवल चित्रं आहेत, वर्ग सात. किळस या वर्गात जेमतेम ५४७. त्यामुळे किळस ओळखण्याचा दावा करण्याआधी त्या वर्गाचा वेगळा निकाल पाहा.

चेहरा शोधा, दोन्ही डोळे आडव्या रेषेत आणा, मग कापा. ट्रेनिंगला जेवढी मोकळी जागा सोडून कापलं, तेवढीच वापरताना सोडा. ओपनसीव्ही ही चित्रांची लायब्ररी रंग निळा-हिरवा-लाल या क्रमाने वाचते, तर बहुतेक मॉडेलांना लाल-हिरवा-निळा लागतो. क्रम बदलायला विसरलं तरी प्रोग्रॅम चालतो, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने सापडत नाही.

बोलत्या चेहऱ्याच्या एकेका फ्रेमवर निर्णय घेऊ नका. ‘आ’ किंवा ‘ओ’ म्हणताना उघडलेलं तोंड मॉडेलला आश्चर्य वाटतं. दोन-तीन सेकंदांच्या फ्रेमींचे निकाल एकत्र करा. चष्मा, दाढी, डोक्यावरचा पदर, कमी उजेड आणि सावळी त्वचा यांवर मॉडेल वेगवेगळं तपासा.

मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये चेहऱ्यावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. माणूस रागात असताना कपाळावर आठ्या येतीलच असं नाही आणि आठ्या दिसल्या म्हणजे राग आहेच असंही नाही, हे त्यात तपशिलाने मांडलं आहे. चेहऱ्याच्या मॉडेलचं उत्तर वाचताना हे समोर ठेवा.

## ९. दोन्ही एकत्र करणं

आधी दोन्ही मॉडेलं स्वतंत्रपणे पूर्ण करा. मग दोघांच्या संभाव्यतांची भारित बेरीज घ्या आणि भार व्हॅलिडेशनवर ठरवा. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला एक टाळी वाजवून घेतली की आवाज आणि चित्र जुळवता येतं. चेहरा दिसत नसेल तेव्हा त्याचा भार शून्य करा. शेवटची फ्रेम धरून बसू नका.

सावधान: आवाजाची विभागणी वेगळी आणि चेहऱ्याची वेगळी असेल, तर एकाच्या टेस्टमधला माणूस दुसऱ्याच्या ट्रेनिंगमध्ये असतो. पाचव्या पायरीतली माणसांची यादी दोन्हीकडे तीच हवी.

## १०. निकाल मोजणं

समजा टेस्टमध्ये १०० क्लिपा आहेत: ७० तटस्थ आणि उरलेल्या तीन भावनांच्या प्रत्येकी १०. प्रत्येक वेळी ‘तटस्थ’ म्हणणाऱ्या मॉडेलची अचूकता ७० टक्के येते. पण प्रत्येक वर्गातली किती ओळखली हे वेगळं काढून त्यांची सरासरी घेतली, तर ती येते २५ टक्के. ही दुसरी सरासरी आधी छापा.

गोंधळ-सारणी (खरी भावना कोणती आणि मॉडेलने कोणती सांगितली, याचा तक्ता) द्या. राग-आनंद आणि दुःख-तटस्थ या जोड्या तिथे दिसतील. माणसागणिक निकालही द्या, कारण चांगल्या सरासरीखाली दोन माणसांचे सगळेच निकाल चुकलेले असू शकतात. स्त्री-पुरुष, वय, बोलीचा भाग यांप्रमाणे वेगळे आकडे काढा. टेस्टचा संच एकदाच उघडा. त्यावर पाहून पाहून मॉडेल बदललं की तो व्हॅलिडेशन झाला.

सर्वाधिक संभाव्यता ठरवलेल्या मर्यादेखाली असेल तर मॉडेलने ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणावं. ही मर्यादाही व्हॅलिडेशनवरच ठरवायची.

## ११. वापरात आणण्याआधी

पडद्यावर ‘ही व्यक्ती रागावली आहे’ असं दाखवू नका. ‘आवाज रागीट वाटतो’ एवढंच, आणि शेजारी खात्रीचं प्रमाण. नोकरीची मुलाखत, कर्मचाऱ्यांचं मूल्यमापन, वर्गातल्या मुलांचं लक्ष यांसाठी असं मॉडेल देऊ नका. युरोपीय संघात २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत माणसांच्या भावनांचा असा अंदाज बांधण्यावर बंदी लागू झाली आहे. अपवाद वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा. तिथल्या कंपनीसाठी पुण्यात बसून काम करणाऱ्यांनी करार करण्याआधी हे वाचलेलं असावं. मायक्रोसॉफ्टने तर २०२२ मध्येच आपल्या चेहरा-ओळख सेवेतून भावना सांगण्याची सोय काढून घेण्याचं जाहीर केलं होतं.

शेवटचं काम आवाज देणाऱ्यांसाठी. माणसाचं नाव आणि त्याचा क्रमांक जोडणारी यादी डेटापासून वेगळी, कुलूपबंद ठेवा. कुणी संमती मागे घेतली तर त्या क्रमांकाच्या क्लिपा, त्यांतून काढलेली फीचर आणि वाढवलेल्या प्रती तिन्ही पुसा आणि मॉडेल पुन्हा शिकवा. हे एका आज्ञेत व्हावं असा प्रोग्रॅम पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवा. सगळ्या फोल्डरांत प्रती पसरल्यावर ते होत नाही.